विश्लेषण : इशारा वाऱ्याचा, घात पाण्याचा… मॉरिशसचे हवामान समजून घेताना काय निसटते?

१५ जानेवारी २०२४, सोमवार. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुईमध्ये सकाळी लोक नेहमीप्रमाणे कामावर पोहोचले होते. ‘बेलाल’ चक्रीवादळ जवळ आले आहे, हे सर्वांना माहीत होते. तरीही कार्यालये उघडली, कारण त्या देशात कामकाज थांबते ते इशारा तीन क्रमांकावर गेला की. लोकांना घरी परतायला सांगितले गेले तेव्हा रस्त्यांवर पाणी चढू लागले होते. पुढच्या काही तासांत शहरातील मोटारी पाण्यावर तरंगत एकमेकींवर चढल्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. वादळाचा केंद्रबिंदू मॉरिशसवर आलाच नाही, तो बेटाच्या दक्षिणेकडून निघून गेला. तरीही राजधानी बुडाली आणि देशाच्या हवामान सेवेच्या संचालकांना टीकेनंतर पद सोडावे लागले.

त्यांच्या जाण्याने प्रश्न सुटला, असे मानणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. प्रश्न एका अधिकाऱ्याच्या निर्णयापेक्षा मोठा आहे. दोन शतके वाऱ्याशी झुंजणे शिकलेल्या बेटावर आता धोका पाण्याकडून येतो आहे आणि इशाऱ्याची भाषा मात्र अजून वाऱ्याचीच आहे.

मॉरिशसमध्ये ऋतू किती?

पर्यटन कंपन्यांच्या पत्रकात मॉरिशसचे हवामान ‘वर्षभर आल्हाददायक’ असते. सरासरीचे आकडे पाहिले तर हे खोटे नाही. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण २० अंशांवर आहे. त्यामुळे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, जून ते सप्टेंबर हिवाळा, मे आणि ऑक्टोबर हे मधले महिने. देशाच्या हवामान सेवेच्या नोंदींनुसार उन्हाळ्याचे सरासरी तापमान २४.७ अंश सेल्सिअस, तर हिवाळ्याचे २०.४. फरक अवघा ४.३ अंशांचा. विदर्भातल्या माणसाला याला दोन ऋतू म्हणायचे का, असाच प्रश्न पडेल!

पावसाचेही तसेच. १९७१ ते २००० या काळातील सरासरी वर्षाला २०१० मिलिमीटर. त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे १३४४ मिमी पाऊस उन्हाळ्यात पडतो, पण हिवाळाही कोरडा नसतो. ६६६ मिमी तेव्हाही पडतो. फेब्रुवारी-मार्च सर्वाधिक ओले, ऑक्टोबर सर्वाधिक कोरडा. आपल्याकडे जूनमध्ये पडदा उघडावा तसा पावसाळा येतो, तसे तिथे काही होत नाही.

या सौम्य सरासरीतून दोन गोष्टी मात्र अजिबात दिसत नाहीत. बेटाच्या आत, काही किलोमीटरवर हवामान किती बदलते ही एक, आणि काही तासांत किती पाणी कोसळू शकते ही दुसरी. मॉरिशसमध्ये माणसांचे जगणे-मरणे या दोन गोष्टींवर ठरते.

छोट्याशा बेटावर इतका फरक कसा?

मुख्य बेटाचे क्षेत्रफळ जेमतेम १८६५ चौरस किलोमीटर. पण मधोमध पठार आहे आणि त्याच्या कडेने ज्वालामुखीतून तयार झालेले डोंगर. सर्वोच्च शिखर ८२८ मीटरचे, म्हणजे सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. मात्र वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना अडवायला तेवढी उंची पुरते. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेली हवा पूर्व किनाऱ्यावरून पठाराकडे चढते, थंड होते आणि तिथे पाऊस पाडते. पलीकडे उतरताना ती कोरडी झालेली असते. घाटमाथ्यावर धो धो आणि पूर्वेला वाईपलीकडे पाण्याची ओढ, हे गणित मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. इथे फक्त दिशा उलटी आहे. ओला उतार पूर्वेला, पर्जन्यछाया पश्चिमेला.

परिणाम मात्र टोकाचा. पठाराच्या ओल्या भागात वर्षाला ४००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर ९०० मिमीच्या घरात. पठारावरच्या क्युरपिप शहराबद्दल तिथले लोक गमतीने म्हणतात की तिथे दोनच ऋतू, एक पावसाळी ऋतू आणि दुसरा पावसाचा ऋतू. दक्षिणेकडच्या उंच भागात बुआ शेरी इथे चहाचे मळे आहेत. तिथून मोटारीने तासाभराच्या आत पश्चिमेला तामारिनला उतरावे, तर तिथे मिठागरे होती. चहाला हवा सततचा ओलावा, मिठाला हवे कडक ऊन आणि कमी पाऊस. या दोन्ही गोष्टी एका जिल्ह्याएवढ्या बेटावर शेजारी-शेजारी पिकल्या. ‘मॉरिशसचे आजचे हवामान’ म्हणून मोबाइलवर जो एक आकडा दिसतो, त्याचा उपयोग किती, हे यावरून ताडावे.

इथल्या मराठी माणसांचा इतिहासही या नकाशात बसतो. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतातून जे लोक ऊसमळ्यांवर नेले गेले, त्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतील कुटुंबेही होती. त्यांच्या वस्त्या बेटाच्या पश्चिमेकडील कोरड्या पट्ट्यातही झाल्या. कास्कावेल हे त्यातले ठळक नाव. कोकणातल्या पावसातून आलेली माणसे बेटाच्या त्या बाजूला स्थिरावली, जिथे पाऊस सर्वात कमी. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. पण तिथला गणपती पावसात येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे तिथला हिवाळा. विसर्जनाच्या वेळी अंगावर येतो तो गार, कोरडा वारा.

या वाऱ्याचा आपल्या पावसाशी संबंध काय?

थेट आहे, आणि भारतातील वाचकाने मॉरिशसच्या हवामानाकडे लक्ष ठेवण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे. मॉरिशसच्या दक्षिणेला, साधारण ३० अंश दक्षिण अक्षांशाजवळ, हवेच्या जास्त दाबाचा मोठा पट्टा असतो. त्याला मस्करीन उच्चदाब क्षेत्र म्हणतात. (नावात मस्करी दिसली तरी ते आले आहे पेद्रो मस्करेन्हास या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून.) दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात हे क्षेत्र बळावते. तिथून निघालेला आग्नेय वारा मॉरिशस, मादागास्कर ओलांडत आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त पार करतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे तिथे त्याची दिशा वळते आणि सोमालियाजवळून तो नैर्ऋत्येचा वारा होऊन अरबी समुद्रावर येतो. हाच आपला मोसमी वारा.

थोडक्यात, जुलैत मॉरिशसच्या किनाऱ्यावर जो वारा नारळाची झाडे वाकवतो, त्याच प्रवाहाचे पुढचे टोक कोकणात कोसळत असते. त्यामुळेच भारतीय हवामानशास्त्रज्ञ मोसमी पावसाचा अंदाज बांधताना मस्करीन क्षेत्राच्या बळावर नजर ठेवतात.

मग चक्रीवादळे कधी आणि का?

उन्हाळ्यात चित्र पालटते. उच्चदाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो, व्यापारी वारे मंदावतात, समुद्र तापतो आणि दोन्ही गोलार्धांतील वारे जिथे एकत्र येतात तो ढगांचा पट्टा विषुववृत्ताच्या दक्षिणेला येतो. समुद्राच्या पाण्याचे तापमान २६ ते २७ अंशांच्या वर गेले की चक्रीवादळाला इंधन मिळते. मॉरिशससाठी हा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंतचा. वादळे बहुधा ईशान्येकडून येतात, नैर्ऋत्येकडे सरकतात आणि मग दक्षिणेला वळतात. दक्षिण गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आपल्याकडच्या वादळांच्या उलट.

या भागातील वादळांवर लक्ष ठेवण्याचे प्रादेशिक केंद्र शेजारच्या रेयुनियन बेटावर, फ्रान्सच्या हवामान संस्थेकडे आहे. नावे ठेवण्याचा अधिकार मात्र वाटून दिलेला आहे. ५५ अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे पूर्वेला, वादळ नावाइतके बळावले तर मॉरिशस नाव देते, पश्चिमेला असेल तर मादागास्कर.

हवामानशास्त्रात मॉरिशस हा नवखा देश नाही. १८५१ मध्ये चार्ल्स मेल्ड्रम यांच्या पुढाकाराने तिथे हवामानविषयक संस्था स्थापन झाली. पोर्ट लुई हे हिंदी महासागरातले गजबजलेले बंदर. तिथे येणाऱ्या जहाजांच्या रोजनिशांमधून वाऱ्याच्या आणि हवेच्या दाबाच्या नोंदी जमवून मेल्ड्रम यांनी वादळांच्या आत वारे कसे वाहतात, याचा अभ्यास केला. उपग्रह सोडाच, बिनतारी संदेशही नसलेल्या काळात हे काम झाले. पुढे पाम्प्लमूस इथे वेधशाळा उभी राहिली.

एवढे असूनही २९ एप्रिल १८९२ रोजी, हंगाम सरत आला असताना आलेल्या वादळाने बाराशेच्या आसपास माणसे मारली. १९६० च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘कॅरोल’चा डोळा अख्ख्या बेटावरून गेला, वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटर नोंदला गेला. चाळीसहून अधिक माणसे दगावली, हजारो कुटुंबांची लाकूड-पत्र्याची घरे उडाली. १९७५ च्या ‘जर्वेझ’मध्ये तर झोत २८० किलोमीटरपर्यंत गेला.

इशाऱ्याचे चार क्रमांक कशावर ठरतात?

केवळ एका आकड्यावर. ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत. असे झोत येण्याची शक्यता असेल तर ३६ ते ४८ तास आधी क्रमांक एक. ते येण्यापूर्वी शक्यतो दिवसाउजेडाचे १२ तास मिळावेत अशा बेताने क्रमांक दोन. दिवसाउजेडाचे सहा तास उरावेत अशा बेताने क्रमांक तीन. झोत प्रत्यक्ष नोंदले गेले आणि ते सुरू राहणार असतील तर क्रमांक चार. सोबत लाल बावटे; पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. चौथ्याला बावटा नाही, कारण तेव्हा बाहेर येऊन तो पाहणारे कुणी नसते. धोका टळला की निळा.

या रचनेत माणसाचा विचार आहे, हे आधी मान्य करायला हवे. ‘दिवसाउजेडाचे तास’ हा शब्दप्रयोग कुणा हुशार कारकुनाचा नाही. अंधारात खिडक्यांना फळ्या ठोकता येत नाहीत, जनावरे बांधता येत नाहीत, हे ज्यांनी अनुभवले त्यांचा आहे. चार आकडे शाळकरी मुलालाही पाठ असतात. तीन क्रमांक लागला की बस बंद, कार्यालये बंद, कामगाराला कामावर जाण्याची सक्ती नाही, हे कायद्यातच आहे. अशी सरळ व्यवस्था उभी करायला बहुतेक देशांना जमलेले नाही.

पण ही रचना ज्या मॉरिशससाठी झाली, तो देश पत्र्याच्या छपरांचा आणि उसाचा होता. तिथे वारा हाच मारेकरी होता. कॅरोलनंतर बेटाने धडा घेतला आणि काँक्रीटची, सपाट स्लॅबची घरे बांधायला सुरुवात केली. आज कुठल्याही गावात जा, तेच दिसते. हे घर ताशी दोनशे किलोमीटरच्या झोतात टिकते. वाऱ्याविरुद्धची लढाई मॉरिशसने जवळपास जिंकली.

आणि त्याच काँक्रीटने दुसरी लढाई अवघड केली. छपरे, अंगणे, वाहनतळ, महामार्ग, डोंगरउतारावरच्या नव्या वस्त्या, या सगळ्यांवर पडलेले पाणी मुरत नाही, वाहते. पोर्ट लुई तर बशीसारखे आहे. मागे ले पूससारखी आठशे मीटरची शिखरे, पुढे समुद्र आणि मध्ये शहर. डोंगरावर पडलेला पाऊस काही मिनिटांत बाजारपेठेत उतरतो. पुराला काँक्रीट एकटेच जबाबदार नाही, पावसाची तीव्रताही आहे. पण पाण्याची जुनी वाट अडवली की ते नवी वाट काढते, एवढे तर मुंबईकरांनाही ठाऊक आहे.

२०१३ मध्ये काय घडले होते?

बेलालच्या अकरा वर्षे आधीच हा धोका दिसला होता. ३० मार्च २०१३, शनिवार. कोणतेही चक्रीवादळ नव्हते. पोर्ट लुईवर दोन तासांहून कमी वेळात दीडशे मिमीहून अधिक पाऊस कोसळला. अकरा जण मृत्युमुखी पडले, त्यातले काही पादचारी भुयारी मार्गात आणि तळघरातील वाहनतळात अडकून. वाऱ्याच्या चार क्रमांकांपैकी एकही त्या दिवशी लागला नव्हता, लागू शकतही नव्हता.

त्यानंतर चर्चा झाली, २०१७ मध्ये जमिनीवरील पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करणारा कायदा झाला. मुसळधार पावसासाठी वेगळे इशारेही दिले जातात. मग अडचण कुठे? अडचण सवयीत आहे. लोकांच्या मनात, मालकांच्या हजेरीपटात आणि बसच्या वेळापत्रकात वजन आहे ते वादळाच्या क्रमांकाला. पावसाचा इशारा ही बातमी असते, वादळाचा तीन क्रमांक हा हुकूम असतो. बेलालच्या सकाळी ‘अजून तीन लागलेला नाही’ याचा अर्थ ‘अजून कामावर जायचे आहे’ असा झाला. वारा १२० ला पोहोचण्याआधीच पाणी पोहोचले.

त्याच दिवशी, दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर असलेल्या रेयुनियनमध्ये सर्वोच्च, जांभळा इशारा लागू होता. तिथे आपत्कालीन सेवांनाही बाहेर पडण्यास मनाई होती. तुलना सरळसोट करता येत नाही, कारण वादळ थेट रेयुनियनवर आदळले. शिवाय त्या बेटाला पाण्याची धास्ती आहे आणि ती योग्यच आहे. २४ तासांत १८२५ मिमी पाऊस पडल्याचा जागतिक विक्रम रेयुनियनच्या नावावर आहे, १९६६ मधला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेल्या ९४४ मिमीच्या जवळपास दुप्पट! मात्र तिथला डोंगराळ भाग उभ्या कड्यांचा आणि विरळ वस्तीचा. मॉरिशसमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा पाऊसही चुकीच्या जागी पडला तर माणसे मरतात.

पुढे काय होणार?

मॉरिशसच्या हवामान सेवेच्या नोंदी इथे विचार करायला लावणाऱ्या आहेत. १९०५ ते २००७ या काळात वार्षिक पाऊस घटत गेला, दर दशकाला सरासरी ५७ मिमी या वेगाने. उन्हाळी पावसाची सुरुवात पुढे सरकते आहे, सलग कोरड्या दिवसांची संख्या वाढते आहे. आणि त्याच वेळी फेब्रुवारी-मार्चमधील अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आहेत. एकूण पाणी कमी, पण पडते तेव्हा एकदम. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणजे ज्या राजधानीत जानेवारीत मोटारी वाहून जातात, त्याच देशात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नळाला ठरावीक तासच पाणी येऊ शकते. मेर ओ वाक्वा या सर्वात मोठ्या जलाशयाची पातळी ही तिथली नेहमीची बातमी. १९९९ च्या दुष्काळात उसाचे पीक मोठ्या प्रमाणात गेले होते. विचित्र बाब अशी की उन्हाळ्यात चक्रीवादळ जवळून जावे, पण आदळू नये, अशीच पाणीपुरवठा पाहणाऱ्यांची इच्छा असावी. धरणे भरण्याचे बरेचसे काम ही दुरून जाणारी वादळेच करतात.

उपाय फार गूढ नाहीत. इशारा वाऱ्याच्या वेगाऐवजी परिणामावर आधारित असावा. कुठला रस्ता, कुठली वस्ती, किती वाजेपर्यंत, हे त्यात यावे. कामावरून सुट्टी देण्याचा कायदेशीर अधिकार पावसाच्या इशाऱ्यालाही तितकाच असावा. नाले आणि डोंगरउतारावरील बांधकाम हा राजकीय विषय आहे आणि तो तिथेही आपल्याइतकाच चिवट आहे. पहिल्या दोन गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. फुकट सुट्टी दिली गेली तर उद्योगांचे नुकसान होईल, हा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण चुकलेल्या सुट्टीचा हिशेब एका दिवसाच्या पगारात होतो. न दिलेल्या सुट्टीचा हिशेब २०१३ मध्ये झाला, तो अकरा जणांचा होता.

मराठी पर्यटकांनी काय पाहावे?

डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडच्या लग्नसराईनंतरच्या सहलींचा काळ, आणि तिथला चक्रीवादळांचाही. जायला हरकत नाही. बहुतेक आठवडे निरभ्रच जातात. मात्र तिकीट आणि हॉटेल रद्द करण्याच्या अटी वाचून घ्याव्यात, तीन क्रमांक लागला की विमानतळासह सारे ठप्प होते. जून ते सप्टेंबरमध्ये जाणाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यावर जोरदार वारा गृहीत धरावा. शांत समुद्र हवा असेल तर पश्चिम बाजू बरी. पठारावर जाताना कुठल्याही महिन्यात छत्री घ्यावी.

पठारावरच, साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीला देशभरातून लाखो भाविक कावडी घेऊन, अनेक जण काही दिवस पायी चालत तिथे जातात. महाशिवरात्र येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांत, बेटाच्या सर्वाधिक पावसाच्या भागात. त्या रात्री चक्रीवादळ जवळपास नसेल, तर रस्त्यावरचे भाविक वाऱ्याचा क्रमांक विचारतील आणि उत्तर येईल, एकही नाही.